क्लच कोणी जाळला

आमच्या घराण्यात अजूनही एखाद्या मुलीनं गाडी जरा अडखळत काढली की मागून कोणीतरी म्हणतंच, "पाहजो हं, काकूसारखा क्लच खाऊन टाकशील." म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ती गाडी पाहिलेली नाही. मागच्या हिवाळ्यात एका बारशाला हेच वाक्य विशीतल्या एका पोरानं म्हटलं, आणि सगळे हसले. मी हातातलं ताट बाजूला ठेवलं आणि त्याला विचारलं, हे तुला कोणी सांगितलं? तो गांगरून म्हणाला, "सब बोलते हैं, आत्या." सब. काकू म्हणजे माझी आई. ती त्या वेळी शेजारच्याच खुर्चीवर बसून बाळाच्या आजीशी बोलत होती, आणि तिनं ऐकलं नाही असं दाखवलं. इतकी वर्षं ती असंच दाखवत आली आहे. मला ते जमत नाही. त्या उन्हाळ्यात मी एकोणीस वर्षांची होते, त्या गाडीत मागच्या सीटवर बसले होते, आणि काय झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि नाकानं हुंगलं आहे.

आम्ही भिलाईला, पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहामध्ये राहत होतो. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे अंगणात मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं झाड. प्लांटचा भोंगा झाला की आई पोळ्यांचा तवा चढवायची किंवा उतरवायची. घरात घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कोणी बघत नसे. दोरीवर पांढरं काही वाळत घातलं की त्यावर बारीक लालसर धूळ बसायची, म्हणून आई बाबांचे सदरे उलटे करून वाळवायची. बाबा ब्लास्ट फर्नेसवर होते. शिफ्टवरून आले की आधी मागच्या नळावर मान आणि हात धुवायचे आणि मग वाटीभर ताक पिऊन बोलायला लागायचे. मूळचे आम्ही साकोलीकडचे, शेतीतले. बाबांना भिलाईत आणलं ते त्यांच्या थोरल्या भावानं. माझे ते मोठेबाबा. त्यांनी बाबांना स्वतःच्या खोलीत ठेवून घेतलं, नोकरीच्या रांगेत उभं केलं, लग्न जुळवलं. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली जायची की मला लहानपणी वाटे, बाबांना जन्मही मोठ्याबाबांनीच दिला असावा.

मोठेबाबा फोरमन म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनी भिलाईलगत कुरुदला स्वतःचं घर बांधलं. उंच, रुंद, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवणारे. तरुणपणी कधीतरी त्यांनी प्लांटची जीप चालवली होती, आणि तेवढ्यावर आमच्या सगळ्या नातेवाईकांत गाडीबद्दलचा शेवटचा शब्द त्यांचा. माझी आई त्यांच्याशी कधी थेट बोलली नव्हती. आमच्याकडे भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलायचं नाही. तो घरात आला की डोक्यावर पदर. ते व्हरांड्यात खुर्चीवर बसलेले असायचे, आई चार हातांवर दारात उभी, आणि ती मला म्हणायची, "ज्योती, मोठ्याबाबाले विचार, चहा घेता का." ते मला सांगायचे, "सांग तुह्या आईले, अर्धा कप." मी दोघांच्या मध्ये उभी. मला तेव्हा त्याची गंमत वाटायची. आता वाटत नाही.

गाडी आमच्याकडे आली ती शेजारच्या एका साहेबांची बदली झाली म्हणून. पांढरी, लहान, चार गिअरची, नंबरप्लेट अजून जुन्या एम.पी.ची, राज्य नवं झालं होतं पण गाड्यांना ते कळायला वेळ लागला. घेतली बाबांनी, स्वतःसाठी. पण पहिल्याच महिन्यात सिविक सेंटरच्या बाजारात गाडी मागे घेताना त्यांनी ओळीनं उभ्या असलेल्या स्कूटर पाडल्या. एक पडली, तिनं दुसरी पाडली, अशा सगळ्या. कोणाला लागलं नाही. पण त्यानंतर स्टिअरिंगवर बाबांच्या हाताला घाम सुटायचा. गाडी क्वार्टरपुढे कव्हर घालून उभी राहायला लागली आणि बाबा पुन्हा सायकलवरून ड्यूटीवर जायला लागले. तेव्हा एक दिवस आई जेवताना म्हणाली, "मी शिकून पाहू का?" बाबा हसले. पण नाही म्हणाले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं नोंदवते, कारण पुढे त्यांच्या बाजूनं फार काही नोंदवायला मिळणार नाही.

आई सेक्टरच्याच रस्त्यांवर शिकली. शिकवणारा ड्रायव्हिंग स्कूलवाला काही दिवसांतच शेजारी बसून पेपर वाचायला लागला, इतकी तिची गाडी सरळ जायची. आमचे रस्ते रुंद, दोन्ही बाजूंना झाडं, आणि दोन शिफ्टांच्या मधल्या वेळात अगदी मोकळे. पण भोंगा झाला की तोच रस्ता सायकली आणि स्कूटरांनी भरून जायचा, आणि आई मुद्दाम त्या वेळी गाडी काढायची. पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय तयार ठेवून, माणूस चालतो त्या वेगानं. लहान गाडीची मजा तिथे कळायची. बॉनेट इतकं आखूड की पुढचा बंपर कुठे संपतो हे बसल्याजागी समजायचं. गल्लीत एका दमात वळायची. उभी असताना स्टिअरिंग जड, पण चाक जरा फिरलं की एका बोटानं वळेल इतकं हलकं. इंजिन तीन सिलिंडरचं, थांबलेल्या गाडीत गिअरचा दांडा हातात थरथरत राहायचा. सकाळी गार असताना दुसरा गिअर अडायचा. बाबा तो ठोकून घालायचे, आई क्षणभर थांबून घालायची आणि तो मुकाट्यानं जायचा. ए.सी. चालू असला आणि चार माणसं बसली की गाडी उठायला मागायची नाही. मग ओव्हरब्रिज दिसला की आई आधीच ए.सी. बंद करून खालचा गिअर घ्यायची. पुलाच्या मध्यावर मागून हॉर्न वाजवणाऱ्या मोठ्या गाड्या आम्हाला ओलांडायच्या, पण आमची गाडी कधी मेली नाही. महामार्गावर ट्रक शेजारून गेला की ती वाऱ्यानं जराशी डुलायची; आई म्हणायची, घाबरायचं नाही, स्टिअरिंग घट्ट धरायचं नाही, फक्त धरायचं. ब्रेक मात्र लवकर लावावे लागायचे. "हे गाडी ऐकते," आई सांगायची, "पण तिले जरा आधी सांगा लागते." गाडी कशी चालवावी याबद्दल मी पुढे पुष्कळ जणांकडून ऐकलं, पुष्कळ गाड्या चालवल्या. याहून कामाचं मला कोणी काही सांगितलं नाही.

त्या वसंतात आईला नोकरी मिळाली. लग्नाआधी ती भंडाऱ्याला एका शाळेत गणित शिकवायची. लग्न झालं आणि ते सुटलं. आता दुर्गच्या पलीकडे, नदीच्या अंगाला एक नवी शाळा निघाली होती आणि त्यांना गणिताची बाई हवी होती. मुलाखतीला ती स्वतः गाडी चालवत गेली. तिथे ना ऑटो जायचा ना मिनीबस. मुख्याध्यापकांनी विचारलं, येणार कशा? आईनं खिडकीतून बाहेर उभी गाडी दाखवली. हे ती घरी येऊन सांगत होती तेव्हा तिच्या हातात पीठ होतं आणि ते तिच्या लक्षात नव्हतं. बोलता बोलता तिनं कपाळावर हात फिरवला आणि सगळं कपाळ पांढरं झालं. शाळा जूनमध्ये उघडणार होती.

आणि मेमध्ये मोठ्याबाबांच्या मुलाचं लग्न निघालं. नवरी साकोलीजवळच्या गावची. वरातीसाठी बस ठरली, नवरदेवासाठी सजवलेली भाड्याची गाडी ठरली. पण मोठेबाबा म्हणाले, नवरदेवाचा बाप बसमधून उतरणार का? त्यांना गाडीतून उतरायचं होतं, आणि तेही चालवणाऱ्याच्या बाजूनं. बाबांनी किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. आई दारात होती. ती मला म्हणाली, "ज्योती, मोठ्याबाबाले सांग, गाडी जराशी नाजूक आहे. चढावर ए.सी. बंद करा म्हणा." मी सांगायच्या आधीच ते हसले. "तुह्या आईले सांग, मी जीप चालवली आहे, जीप. हा त् डब्बा आहे."

निघालो तेव्हा ऊन चढलं होतं. पुढे मोठेबाबा आणि बाबा, मागे मोठीआई, म्हणजे मोठ्याबाबांच्या पत्नी, आई आणि मी. डिकीत बुंदीचे डबे, मानाची लुगडी, पितळी भांडी. आईनं भासऱ्याच्या मागे बसायचं म्हणून डोक्यावर पदर घेतलेला, आणि त्या पदराखालून ती काय बघते आहे ते मला दिसत होतं. ती खाली बघत होती, मोठ्याबाबांच्या डाव्या पायाकडे. तो पाय क्लचवरून उठतच नव्हता. गिअर बदलून झाला तरी पाय तिथेच, आरामात टेकलेला, जसा कोणी पाटावर टेकवतो. राजनांदगाव गेलं तरी तसाच. पुढे सीमेकडचा चढ-उताराचा जंगलाचा भाग लागला. ए.सी. पूर्ण, गाडी ठासून भरलेली, आणि चढावर त्यांनी गिअर खाली घेतलाच नाही. गाडी गुदमरायला लागली की क्लच अर्धा दाबायचा आणि ॲक्सिलरेटर जोरात द्यायचा. इंजिन किंचाळायचं, गाडी आहे तिथेच. मग वास आला. जुनं फडकं जळावं तसा, पण तिखट, घशात बसणारा.

"दादा," बाबा म्हणाले, "पाय काढून घ्या न क्लचवरून. वास येऊन राहिला."

"अबे, ट्रकचा वास आहे थो," मोठेबाबा म्हणाले.

समोर ट्रक नव्हता. मागेही नव्हता. आईनं माझा हात दाबला, कारण मी तोंड उघडलं होतं.

लग्न छान झालं. पुरीसारख्या पातळ सुवाऱ्या, वांग्याची झणझणीत भाजी, भात, बुंदी. मांडवाला बांधलेली आंब्याची पानं उन्हानं कोमेजून गेलेली. मोठेबाबा गाडीतून उतरले ते सगळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी परतायची वेळ आली तेव्हा बेत असा ठरला की मोठेबाबा वरातीबरोबर बसमध्ये येतील, पाहुण्यांचा निरोप घेऊन. आणि मोठीआईला मात्र आधी पोचायलाच हवं, कारण नव्या सुनेला दारात ओवाळायची ती. म्हणजे आमच्या गाडीत. म्हणजे आता आईच्या हातात. मोठेबाबा सर्वांसमोर म्हणाले, "हळू आणजो म्हणा डब्बा."

गावाबाहेर पडलो आणि आईला लगेच कळलं. तिनं तिसरा गिअर घेतला, पाय दाबला, इंजिनचा आवाज वर गेला आणि वेग होता तिथेच राहिला. तिनं पाय सैल सोडला, पुन्हा हळूच दाबला. तेच. ती एवढंच म्हणाली, "क्लच घसरून राहिला." मोठीआईनं विचारलं, म्हणजे का होते? आई म्हणाली, "म्हणजे इंजिन फिरते, पण चाकाले पोचत नाही. जोर दिला त् जळून जाईन. न जोर देता न्यावं लागन." बाबांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, बस मागून येईल, थांबून जाऊ. आई म्हणाली, "बस येईन तवा सून येईन. मंग तिले दारात कोण ओवाळन?"

त्या प्रवासाबद्दल आमच्या घराण्यात कोणी कधी बोललं नाही, म्हणून मी जरा सावकाश सांगते. आईनं ए.सी. बंद केला आणि काचा खाली केल्या. मेची झळ आत आली, लोहाराच्या भात्यासारखी. तिनं गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली आणि ॲक्सिलरेटरवर पाय असा ठेवला की जणू खाली अंडं आहे. उतार आला की वेग साठवून घ्यायची आणि तो पुढच्या चढावर खर्च करायची. लांबून फाटकासारखं काही दिसलं, गुरं दिसली, की ती आधीच वेग इतका कमी करायची की थांबायची पाळीच येऊ नये. कारण थांबलेली गाडी पुन्हा उठवताना क्लच सगळ्यात जास्त जळतो. सीमेकडच्या चढाशी आली तेव्हा तिनं झाडाच्या सावलीत गाडी उभी केली, बॉनेट उघडलं, गार होऊ दिली. मग म्हणाली, सगळे उतरा. मोठीआई, बाबा आणि मी उन्हातून चढ पायी चढलो, मोठीआईच्या हातात ओवाळायचं तबक, कारण ते गाडीत सांडेल अशी तिला भीती. आणि आमच्या शेजारून ती रिकामी पांढरी गाडी, पहिल्या गिअरमध्ये, जराही न किंचाळता, बैलगाडीच्या चालीनं वर गेली. आईनं डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला होता. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. पुढे गाडी चालवणारे खूप पाहिले, जोरात चालवणारे पुष्कळ. मेलेली गाडी इतक्या मायेनं चालवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

दुर्गमध्ये एकदा गाडी सिग्नलला थांबली आणि उठेना. मागचे हॉर्न वाजवायला लागले. आईनं घाम पुसला, पहिला गिअर घातला, आणि बाबांना म्हणाली, उतरून जरासा हात लावा. बाबांनी मागून ढकललं, गाडी हलली. कुरुदला पोचलो तेव्हा वरातीचा पत्ता नव्हता. मोठीआईनं तोंडावर पाणी मारलं, नवं लुगडं नेसली, आणि सून आली तेव्हा ती दारात तबक घेऊन उभी होती. जणू सकाळपासून तिथेच होती.

दोन दिवसांनी त्याच अंगणात मांडव घालून स्वागत-समारंभ झाला. आमची गाडी तोवर गॅरेजमध्ये होती. मेकॅनिकनं जळून काळी झालेली प्लेट बाबांना दाखवली, आणि बाबांच्या मागे उभ्या असलेल्या आईकडे बघून म्हणाला, "मैडम चलाती हैं न? लेडीज़ लोग का यही है, पैर क्लच पर ही रखती हैं." बाबा काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, गॅरेजमध्ये कशाला बोलायचं म्हणून बोलले नसतील.

मांडवात मोठेबाबा माईकवरून पाहुण्यांचं स्वागत करत होते. सगळे जेवायला बसलेले. त्यांनी एकेकाचं नाव घेतलं, कोणी किती मदत केली ते सांगितलं, आणि मग हसत म्हणाले, "अन् आमच्या धाकट्या बाईनं त् कमालच केली बाप्पा. मी इथून मक्खन गाडी नेली, अन् तिनं येता येता पुरा क्लच खाऊन टाकला! बाईच्या हाती गाडी देल्ली का असंच होते." सगळा मांडव हसला. व्याही हसले, नवरदेवाचे मित्र हसले, वाढणारे हसले. आई बायकांच्या पंगतीत होती. तिनं पदर पुढे ओढला आणि भात कालवत राहिली.

मी उठून उभी राहिले. "मोठेबाबा, जाताना तुमी चालवली होती. वास तवाच आला होता. बाबांनी तुमाले सांगतलं बी होतं."

ते माईक खाली न ठेवता म्हणाले, "आईची बाजू घेऊन राहिली पोरगी. चांगलं आहे, चांगलं आहे." आणि पुन्हा हशा. मी बाबांकडे पाहिलं. ते पत्रावळीतल्या बुंदीकडे बघत होते. मी मोठीआईकडे पाहिलं, जी चढ पायी चढली होती. ती वाढायला आत निघून गेली. त्या हशाचा राग मला आता येत नाही, लोक हसतातच. राग येतो तो त्या दोन तोंडांचा, ज्यांना सगळं ठाऊक होतं आणि ज्यांच्यात घास होता.

घरी आल्यावर मी बाबांना धरलं. "तुमाले माहीत होतं. कावून नाही बोलले?"

"चार लोकाइत दादाले खोटं पाडू का?" बाबा म्हणाले. "ज्या माणसानं मले इथं उभं केलं?"

"अन् आईले पाडलं त् चालते?"

ते उठून अंगणात गेले. नळ चालू केल्याचा आवाज आला, आणि बराच वेळ तो चालूच राहिला.

गाडी दुरुस्त होऊन आली. पण किल्ली आता खिळ्यावर नव्हती, बाबांच्या सदऱ्याच्या खिशात होती. आईनं मागितली तेव्हा ते म्हणाले, काही दिवस राहू दे, लोक बोलून राहिले, जरा थंड होऊ दे. शाळा उघडायला थोडेच दिवस उरले होते. आई भांडली नाही. पण तिनं त्या दिवसापासून बाबांशी बोलणं बंद केलं, आणि माझ्यामार्फत सुरू केलं. "ज्योती, बाबाले विचार, भात वाढू का." बाबा दोन हातांवर बसलेले. आधी त्यांना वाटलं थट्टा आहे. दोन दिवसांत समजलं की नाही.

शाळा सोमवारी उघडणार, त्याच्या आदल्या रविवारी मोठेबाबा जेवायला आले. आईनं पाटवड्यांचा रस्सा केला होता, चांगला तर्रीदार. कोणावर राग आहे म्हणून तिनं कधी खराब स्वयंपाक केला नाही. जेवता जेवता ते बाबांना म्हणाले, उद्या नव्या सुनेच्या माहेरची माणसं येताहेत, त्यांना डोंगरगडला नेतो. किल्ली देऊन ठेव. आणि बाबांचा हात खिशाकडे गेला. मी तो हात पाहिला. विचार न करता, सवयीनं, तो हात खिशाकडे गेला.

"किल्ली नाही भेटत," आई म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात होती, डोक्यावर पदर होता, हातात रश्श्याचा डाव. मी बोलायला तोंड उघडलं, कारण तिचं बोलणं पुढे सांगायचं काम माझं होतं. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"उद्या माही शाळा आहे," ती म्हणाली. "गाडी मी नेणार. तुमी जाताना पाय क्लचवर ठेवून चालवली, म्हणून प्लेट जळली. मी थे गाडी जळलेल्या प्लेटवर घरी आणली. तुमच्या बायकोले दारात उभं केलं. अन् तुमी माईकवर मले हसले. माहं म्हणणं एवढंच आहे."

मोठेबाबांच्या हातातला घास तसाच राहिला. आईच्या लग्नाला वीसेक वर्षं होऊन गेली होती आणि ती थेट त्यांच्याशी बोललेली ते पहिल्यांदाच ऐकत होते. ते बाबांकडे वळले. "तुले बायको आवरत नाही का बे?"

 बाहेर कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, किक मारल्याचा आवाज येत होता. बाबांनी किल्ली खिशातून काढली. त्यांच्या हाताला घाम आला होता. त्यांनी ती ताटाशेजारी जमिनीवर ठेवली, आईच्या बाजूला सरकवली, आणि खाली बघत म्हणाले, "खरं आहे, दादा. तुमच्यानंच जळला. मी सांगतलं होतं तुमाले." फर्नेसवर काम करणारा माणूस, ज्याची हाक आम्हाला रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू यायची, तो हे इतकं हळू बोलला की मी शेजारी नसते तर मला ऐकू आलं नसतं.

मोठेबाबांनी ताटातच हात धुतले आणि निघाले. व्हरांड्यात चपला घालताना म्हणाले, बाईपायी भाऊ तोडला. तेवढं मात्र शेजारच्या क्वार्टरपर्यंत गेलं.

सोमवारी आई शाळेत गेली. निवृत्त होईपर्यंत जात राहिली. त्या गाडीनं आणि मग तिच्यानंतरच्या दोन गाड्यांनी. त्या पहिल्या गाडीची क्लच प्लेट तिच्या हातात कधी जळली नाही. पण हे कोणी मांडवात सांगितलं नाही. घराण्यात जी गोष्ट राहिली ती अशी: धाकटीनं क्लच खाल्ला, आणि वर भावाभावांत भांडण लावलं. दोन्ही भाऊ पुढे बोलायला लागले, बोलताना रडलेही, एकमेकांच्या आजारपणात जाऊन बसले. मोठेबाबा गेले तेव्हा बाबांनी खांदा दिला. पण ते एक वाक्य दुरुस्त करावं असं दोघांपैकी कोणालाही सुचलं नाही. बाबा आता नाहीत. मी त्यांच्यावर प्रेम केलं, आणि हा राग त्या प्रेमाबरोबरच राहिला. एकानं दुसऱ्याला कधी हटवलं नाही.

त्या बारशाहून परतताना मी गाडी चालवत होते, आई शेजारी होती. मी म्हटलं, आई, तू अजूनही ऐकून घेतेस कसं? इतकी वर्षं झाली, आणि बाबांनी तर शेवटी कबूल केलं होतं. 

"केलं न कबूल," ती म्हणाली. "पण पाह न बाई, तुहे मोठेबाबा मले बोलले माईकवर, साऱ्या मांडवासमोर. अन् तुह्या बाबानं कबूल केलं थे आपल्या घरात, ताटावर बसून, हळू, तोंडातल्या तोंडात. मी म्हटलं, जाऊ दे. मले शाळेत वेळेवर पोचाचं होतं."

मी तिला सांगितलं की मी हे सगळं लिहून काढते आहे. मला वाटलं ती नको म्हणेल. मेलेल्या माणसांची नावं कशाला, असं काहीतरी. तिनं सीटबेल्ट जरा सैल केला आणि माझ्याकडे वळली.

"लिहून राहिली न? मंग हळू नको लिहू."